पतसंस्थेचा एकुलता एक सर्व्हर, त्यात दुसरा प्रोसेसर स्वतः बसवू का?

माणदेशी_माऊस

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं सगळं मीच बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून सर्व्हरपर्यंत. सर्व्हर एकच आहे, एचपीचा डीएल३८० जेन९, २०१७ साली घेतलेला, वॉरंटी कधीच संपली. आत एकच प्रोसेसर, झिऑन ई५-२६२० व्ही४, आणि १६ जीबीच्या चार पट्ट्या म्हणजे ६४ जीबी रॅम. त्यावर दोन व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने केलेले स्वतंत्र कॉम्प्युटर) चालतात. एकावर टर्मिनल सर्व्हर, त्यात मुख्य कार्यालय आणि तीन शाखा मिळून अठ्ठावीस माणसं नेटवर्कवरून काम करतात. दुसऱ्यावर आमच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस.

सकाळी अकरा ते एक सीपीयू ९५ टक्क्यांच्या खाली येत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी तर पासबुक छापायला दिलं की खातेदार बाहेर चहा पिऊन परत येतो, तरी पान कोरंच.

झाकण उघडून पाहिलं तर दुसरं सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) रिकामं आहे, वर प्लॅस्टिकचं पारदर्शक झाकण. तेव्हा तसलाच दुसरा प्रोसेसर घेऊन टाकावा असं ठरलं आणि मंडळाने खर्चही मंजूर केला. अडचण पुढे आहे. ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांचा इंजिनिअर गेल्या खेपेला रॅम लावायला आला होता, तो मशीन चालू असतानाच आत हात घालायला निघाला. मी दोन्ही वायरी ओढल्या म्हणून वाचलं. तोच आता म्हणतो, "अर्ध्या तासाचं काम आहे, येतो रविवारी." त्याच्यापेक्षा मीच केलेलं बरं असं मला वाटतं. डेस्कटॉप मी चिक्कार जोडलेत, सर्व्हरचा प्रोसेसर कधी नाही. चेअरमन एवढंच म्हणाले, "सोमवारी शटर उघडल्यावर यंत्र चालू पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील संस्था बुडाली."

कोणी हे स्वतः केलंय का? नेमकी भीती कशाची बाळगायची?

ढगात_पाय

२०१७ चं मशीन? भंगारात द्या आणि क्लाऊडवर जा. एवढी उठाठेव कशाला?

माणदेशी_माऊस

दादा, आमच्याकडे पाऊस आला की इंटरनेट जातं, आणि पाऊस नसला की रस्त्याचं काम चालू असतं म्हणून केबल तुटते. जमिनीवरचं काही सांगा.

जुना_पेचकस

माऊसराव, मी सव्वीस वर्षं सर्व्हर दुरुस्तीच्या फिल्डवर काढली, आता डोंबिवलीत घरी बसून नातवाचे रिमोट दुरुस्त करतो. तुमचं मशीन माझ्या ओळखीचं आहे. स्वतः करा, जमेल. इंजिनिअर म्हणतो तसं अर्ध्या तासात मात्र करू नका. अख्खा रविवार ठेवा.

आधी भीती कशाची ते सांगतो, कारण लोक नको त्या गोष्टीला भितात. प्रोसेसर सहसा मरत नाही. मरतं सॉकेट. तुमच्या मशीनचं सॉकेट २०११-३ जातीचं, म्हणजे पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात. दोन हजारांवर पिना, केसासारख्या बारीक आणि एका बाजूला कललेल्या. प्रोसेसर मोडला तर बाजारात दुसरा मिळतो. पिना वाकल्या तर अख्खा बोर्ड गेला, आणि तुमच्या बाबतीत बोर्ड गेला म्हणजे संस्थाच बंद.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. त्या आधीच्या १३६६ पिनांच्या सॉकेटचा जमाना होता. वाशीला एका कंपनीत रात्रपाळीत दुसरा प्रोसेसर घालत होतो. झाकण काढलं तर सॉकेटमध्ये बारीकशी धूळ दिसली. आईने लावलेलं वळण, दिसली धूळ की पूस. खिशातून स्वच्छ सुती फडकं काढलं आणि हलक्या हाताने फिरवलं. उचलताना किंचित अडकल्यासारखं वाटलं. बॅटरी मारून पाहिलं तर सुताचा एक धागा पिनांत गुंतलेला आणि चार पिना आडव्या. पहाटेपर्यंत भिंग लावून सरळ करत बसलो, तीन झाल्या, चौथी तुटली. बोर्ड बदलावा लागला. तेव्हापासून सॉकेटला माझ्या हातून हवेखेरीज काही लागलेलं नाही. कॅमेरा साफ करायचा रबरी फुगा मिळतो, त्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

आता क्रम. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची हा माझा नियम आहे. म्हणून आधीच्या रविवारी फक्त सिस्टिम रॉम (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) ताजा करा. जेन९ चं हे मशीन व्ही३, म्हणजे आधीच्या पिढीच्या प्रोसेसरच्या काळात निघालं, व्ही४ साठी नवा रॉम लागतो. तुमच्यात व्ही४ आधीच चालतोय म्हणजे तेवढा तरी आहे, पण शेवटचा घालून टाका. तुमच्या मशीनचा रॉम पी८९ नावाच्या कुळातला. तो घालून आठवडाभर चालू द्या. रॉम आणि प्रोसेसर एकाच दिवशी बदलले आणि मशीन उठलं नाही, तर दोष कोणाचा हे शोधताना सोमवार उजाडेल.

आयएलओमध्ये (सर्व्हरवर देखरेख ठेवणारी एचपीची सोय) जाऊन जुनी लॉगही, म्हणजे बिघाडांची नोंद, वाचून ठेवा. आधीपासून एखाद्या रॅमची तक्रार असेल तर नंतर तिचं खापर नव्या प्रोसेसरवर फुटतं.

शनिवारी रात्री बॅकअप, आणि तो दुसऱ्या मशीनवर एकदा उघडून बघायचा. रविवारी दोन्ही व्हर्च्युअल मशीन रीतसर बंद, मग सर्व्हर बंद. आता नीट ऐका: बंद केलेला सर्व्हर बंद नसतो. पुढचा पॉवरचा दिवा पिवळट राहतो, म्हणजे बोर्डावर वीज आहे. मागे पॉवर सप्लाय दोन असतात. घाईत एक वायर काढून "काढली वायर" म्हणणारे मी डझनाने पाहिलेत. दोन्ही काढा. पुढचं बटण एकदा दाबा, उरलीसुरली वीज निघून जाते. दिवा पूर्ण विझला की मगच झाकण.

मशीन रॅकमधून दोघांनी काढा. भरलेलं असलं तर वीस किलोच्या वर जातं. टेबलावर ठेवा. खाली सतरंजी, ब्लँकेट, थर्माकोल काही नको.

स्थिर विजेबद्दल. तुमच्या माणदेशात थंडीच्या दिवसांत हवा किती कोरडी असते ते मला ठाऊक आहे, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच. बोटाला चटका जाणवतो तो सुमारे तीन हजार व्होल्टच्या पुढे. चिप त्याच्या कितीतरी आधी बिघडते, म्हणजे तुम्हाला काही कळलंसुद्धा नसतं. मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्याचा चिमटा सर्व्हरच्या रंग नसलेल्या उघड्या पत्र्याला लावायचा. रंगावर लावला तर गळ्यात ताईत घातल्यासारखंच, मनाचं समाधान. काही जण अर्थिंग मिळावं म्हणून वायर जोडलेली ठेवतात, ते करू नका. तुम्ही आणि पत्रा एका पातळीवर असणं महत्त्वाचं, ते पट्ट्याने साधतं. अर्ध्या बाहीचा सुती शर्ट घाला. घड्याळ, अंगठी, हातातले दोरे काढून ठेवा. हो, दोरेसुद्धा.

मोबाईलने चारही बाजूंनी फोटो. मग हवेचा काळा प्लॅस्टिक मार्गदर्शक उचलून बाजूला. जुन्या प्रोसेसरला हात लावायचा नाही, त्याचं काही बिघडलेलं नाही.

रिकाम्या सॉकेटला दोन दांड्या असतात. कुठली आधी उघडायची ते तिथे खुणेने दाखवलेलं असतं, त्याच क्रमाने उघडा, मग चौकट वर. पारदर्शक झाकण काढायच्या आधी प्रोसेसर डब्यातून काढून हाताशी ठेवा. उघडं सॉकेट आणि तुम्ही डबा शोधताय, असं व्हायला नको. झाकण निघालं की मोबाईलची बॅटरी अगदी तिरकी, जवळजवळ आडवी धरा आणि हळूहळू सरकवा. पिनांची टोकं ओळीने चमकतात, तिफणीने पेरलेलं शेत उगवल्यासारखी. एखादी पीन वाकलेली असली तर त्या ओळीत खाडा दिसतो. बोर्ड फिरवता येणार नाही, म्हणून तुम्ही टेबलाभोवती फिरा आणि चारही बाजूंनी बघा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि अख्ख्या दिवसातलं हेच खरं काम आहे.

प्रोसेसर कडांना धरायचा, खालच्या सोनेरी ठिपक्यांना बोट नाही. कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा. सरळ खाली सोडायचा. घासायचा नाही, दाबायचा नाही, "बसला का" म्हणून हलवून बघायचा नाही. नीट बसला की सपाट दिसतो. चौकट खाली, दांड्या उलट क्रमाने. शेवटची दांडी दाबताना चांगला जोर लागतो आणि कुरकुर आवाज येतो. पहिल्यांदा करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण तो आवाज असतोच. जोर दांडीला लागणं ठीक. चौकटच खाली बसत नसेल तर मात्र थांबा, प्रोसेसर तिरका आहे.

हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) नवं असेल तर खाली पेस्ट लावलेली येते, तिच्यावर आणखी थर नको. जुनं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसा (प्रोसेसर सॉकेटबाहेर असतानाच) आणि मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढी पेस्ट. बोटाने सारवायची नाही. स्क्रू कर्णाने आवळायचे: एक आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला अर्धा, मग दुसरी जोडी अर्धी, मग तसेच पूर्ण. एकदा टेकवलेलं हीटसिंक पुन्हा उचललं तर पेस्ट नव्याने.

आता दोन गोष्टी, ज्यांत लोक फसतात. पहिली, पंखे. एक प्रोसेसर असताना या मशीनला चार पंखे असतात आणि दोन खणांत नुसते डमी. दोन प्रोसेसरला सहाही लागतात. सुटा प्रोसेसर घेतला तर पंखे आणि हीटसिंक मिळत नाही, पूर्ण किट मागा. दुसरी, रॅम. प्रत्येक प्रोसेसरचे स्वतःचे १२ खण असतात. सगळी रॅम पहिल्याकडे ठेवली तर दुसरा प्रत्येक बाईट पहिल्याच्या दारातून मागून आणणार. वाटणी सारखी हवी. रॅमकडे जाणाऱ्या प्रोसेसरच्या चारही वाहिन्या भरायच्या तर दुसऱ्यालाही १६ च्या चार पट्ट्या घ्या, आधीच्याच जातीच्या. आधी पांढरे खण भरायचे.

पहिल्यांदा चालू करताना पंखे किंचाळतील आणि पडदा बराच वेळ काळा राहील. बटणाकडे हात नेऊ नका. चहा घ्या.

लायसन्सवाली_ताई

काकांनी हात सांगितले, मी कागद सांगते. पुण्यात एका कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळते.

खरेदी करताना प्रोसेसरच्या वरच्या पत्र्यावरचा छोटा कोड बघा. २६२० व्ही४ वर एसआर२आर६ असतो, दोन्हींवर तोच हवा. व्ही३ आणि व्ही४ एकाच सॉकेटमध्ये बसतात, पण जोडीने चालत नाहीत. नावात ई५ च्या पुढचा पहिला आकडा २ म्हणजे दोनाच्या जोडीत चालणारा. कोणी "हा पण व्ही४, जास्त गिगाहर्ट्झचा" म्हणून ई५-१६५० गळ्यात मारायला लागला तर नको म्हणा, तो एकटाच चालतो. "इंटेल कॉन्फिडेन्शियल" छापलेला दिसला तर तो चाचणीचा नमुना, कितीही स्वस्त असो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवणार असाल तर खालच्या बाजूचा फोटो मागवा. मधोमध बारीक घटक चिकटवलेले असतात, त्यातला एखादा उडालेला असू शकतो. जीएसटीचं बिल घ्या, ऑडिटरला लागेल.

विंडोज सर्व्हर २०१६ पासून लायसन्स कोअरवर (प्रोसेसरच्या आतले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहे, एका सर्व्हरला किमान १६ कोअर. तुमचे आठ आणि आठ, बरोबर १६. म्हणजे स्टँडर्डचं मूळ लायसन्स तेवढंच पुरतं, एक रुपया जास्त नाही. दहा कोअरची जोडी घातली असती तर चार कोअरचं वाढीव घ्यावं लागलं असतं.

आता मला एक सांगा. डेटाबेस एसक्यूएलची (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) कुठली आवृत्ती आहे? एक्सप्रेस, म्हणजे फुकटची, असेल तर ती एक सॉकेट किंवा चार कोअर, यातलं जे कमी तेवढंच वापरते. तुम्ही आत दहा प्रोसेसर घाला.

माणदेशी_माऊस

ताई, एक्सप्रेस २०१६ च निघाली. सॉफ्टवेअरवाल्यांनीच टाकून दिली होती. म्हणजे सगळं पाण्यात का?

लायसन्सवाली_ताई

नाही. टर्मिनल सर्व्हरला फायदा होईलच, अठ्ठावीस माणसं तिथेच आहेत. पण डेटाबेसच्या व्हर्च्युअल मशीनची सेटिंग उघडा. प्रोसेसर किती दिलेत हे नको, सॉकेट किती आणि प्रत्येकात कोअर किती ते सांगा.

माणदेशी_माऊस

४ सॉकेट, प्रत्येकी १ कोअर.

लायसन्सवाली_ताई

सापडलं. एक्सप्रेसला चार सॉकेट दिसतात, ती त्यातलं एकच घेते, आणि त्या एकात कोअर एक. तुमचा अख्खा डेटाबेस गेली कित्येक वर्षं एका कोअरवर चालतोय. मशीन बंद करून १ सॉकेट, ४ कोअर करा. फुकट आहे. डेटाबेसचा आकारही बघून ठेवा, या आवृत्तीत एका डेटाबेसची मर्यादा १० जीबी.

जुना_पेचकस

ताई, सव्वीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही पेचकस घेऊन जायचो आणि पेचकस घेऊन यायचो.

माणदेशी_माऊस

अहवाल देतो, तीन आठवड्यांनी.

ताईंची सेटिंग शुक्रवारी संध्याकाळी बदलली. शनिवारी बाजार होता. पासबुकं अशी निघायला लागली की शिपाई म्हणाला, कागद संपतोय. खरं सांगतो, आनंद झाला आणि पोटात गोळाही आला, कारण तोवर किटचे पैसे देऊन झाले होते. टर्मिनल सर्व्हर मात्र अकरा वाजता अजून घुसमटत होता, म्हणून मनाला समजावलं.

त्याच्या पुढच्या रविवारी रॉम, आणि त्याच्या पुढच्या रविवारी प्रोसेसर. सोबत चुलतभाऊ होता, मोबाईल धरायला. त्याच्या मनगटातला जत्रेतला गंडा काढायला लावला, कुरकुरला. सॉकेट उघडल्यावर बॅटरी तिरकी धरली तर काकांनी सांगितल्या तशा ओळी दिसल्या, आणि एका कोपऱ्यात खाडा. हात गार पडले. दहा मिनिटं नुसते बघत बसलो. मग फुग्याने दोनदा हवा मारली तर खाडा उडून गेला, कसलं तरी कुसळ होतं. फडकं शेजारच्या टेबलावर होतं, काका, पण हात गेला नाही.

दांडीचा आवाज तुम्ही आधी सांगितला नसता तर मी अर्ध्यावर सोडून दिलं असतं. अगदी पापड मोडल्यासारखा.

चालू केलं. पंख्यांच्या आवाजाने बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. चार मिनिटं काळा पडदा, मग दोन प्रोसेसर दिसले, पण रॅम ११२ जीबी. बारा हिशेब करून पाहिले, मग लक्षात आलं की सोळा कमी म्हणजे एक पट्टी नीट बसलेली नाही. पुन्हा दोन्ही वायरी, पुन्हा बटण, पुन्हा झाकण. सातव्या पट्टीचा एका बाजूचा खटका उघडाच होता. बसवली, १२८ आली. लॉगमध्ये काही तक्रार नाही. सोमवारी अकराला सीपीयू पंचेचाळीस-पन्नासवर होता.

चेअरमन म्हणाले, "बघा, प्रोसेसरने पासबुकं कशी पळायला लागली." मी हो म्हणालो.

जुना_पेचकस

छान केलंत. सॉकेटचं पारदर्शक झाकण ठेवलंत ना? कधी प्रोसेसर काढायची वेळ आली तर त्याशिवाय सॉकेट उघडं पडेल.

माणदेशी_माऊस

ठेवलंय. पाकिटात घालून, वर नाव लिहून, तिजोरीत. रोखपाल विचारत होता की हे तारणात घ्यायचं की डेडस्टॉकमध्ये.